हरणाचे काळीज, हरणाची चरबी

हरीण रवंथ करणारे जनावर आहे. त्याच्या काळजाला, वजडीला आणि चरबीला स्वयंपाकघरात जी वागणूक द्यावी लागते, तिचे मूळ या एका गोष्टीत आहे. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात गवत, पाला आणि कोवळ्या डहाळ्या आंबत असतात, आणि जनावर मेले तरी हे आंबणे थांबत नाही. म्हणून हरीण पडले की पोट लगेच उघडावे लागते. जनावर जिवंत असताना त्याच कप्प्यातले जिवाणू चाऱ्यातल्या पातळ स्निग्धांशाचे रूप पालटून तो घट्ट करत असतात. म्हणून हरणाची चरबी ताटात मेणासारखी गोठते. घाई आणि ऊन-ऊन वाढणे, हे दोन्ही नियम पोटाच्या या एकाच कप्प्यातून येतात.

हे सारे नीट पाहायचे तर स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात पाहावे. तिथे चार जातींची हरणे रानात राहतात. तांबडे हरीण आणि लहानखुरे रो हरीण ही मूळची. सिका आणि फॅलो बाहेरून आणलेली. काश्मीरचा हांगुल हा तांबड्या हरणाचा जवळचा नातेवाईक. स्कॉटलंडमधल्या चारही जाती मिळून हरणांची संख्या दहा लाखांच्या घरात असावी, असा तिथल्या सरकारी निसर्गसंस्थेचा अंदाज आहे. लांडगे तिथून काही शतकांपूर्वीच संपले. हरणांना खाणारे दुसरे मोठे जनावर उरले नाही, आणि त्यांची संख्या वाढली की नवी झाडे उगवून वर येत नाहीत. त्यामुळे दरवर्षी ठरवून शिकार केली जाते. रानातले हरीण जिवंत असेपर्यंत तिथल्या कायद्याने कोणाच्याच मालकीचे नसते. ते मारण्याचा हक्क मात्र जमिनीच्या मालकाकडे असतो. तांबड्या हरणाच्या माद्यांचा हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी असा आहे. नरांसाठी असलेला बंदीचा काळ २०२३ मध्ये उठवण्यात आला.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर यांची शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहायला हवी. पुढचे वर्णन त्यामुळे तिकडच्या डोंगरांचे आणि तिकडच्या चुलींचे आहे. शब्द मात्र आपल्या मटणाच्या दुकानातले चालतात. वजडी, कलेजी, गुर्दा, भेजा हे अवयव बकऱ्यात असतात तसे हरणातही असतात.

चरबीचे गणित हंगामाशी बांधलेले आहे. उन्हाळाभर चरून नर ऑगस्ट-सप्टेंबरात चांगला भरतो. पाठीवर, पुठ्ठ्यावर आणि गुर्द्यांभोवती चरबीचे थर चढतात. सप्टेंबरच्या अखेरीस माजाचा काळ सुरू होतो. नर माद्या राखत फिरतो, ओरडतो, झुंजतो आणि जवळजवळ खात नाही. काही आठवड्यांत त्याचे वजन पाचव्या हिश्शाने उतरू शकते. चरबी झडते, मांसाला उग्र वास येतो. माजावरच्या नराचे मांस जाणकार घरी नेत नाहीत. त्यानंतर पाळी येते माद्यांची. ज्या मादीला त्या वर्षी पाडस नसते तिला स्कॉटलंडमध्ये 'येल्ड' म्हणतात. दूध पाजण्यात तिची ताकद खर्ची पडलेली नसते, त्यामुळे नोव्हेंबरात सगळ्यात चांगली चरबी तिच्याच अंगावर सापडते. फेब्रुवारीपर्यंत तीही उतरते. चरबी आणि काळीज उत्तम हवे असेल तर कुठले जनावर, कुठल्या महिन्यात, हा प्रश्न मसाल्याच्या कितीतरी आधी येतो.

हरीण पडले की पहिला सुरा गळ्याच्या बुडाशी जातो, रक्त वाहून जाण्यासाठी. मग पोट. या कामाला तिथे 'ग्रॅलॉख' म्हणतात. आतड्यांसाठी असलेल्या गेलिक शब्दावरून ते नाव आले. बाहेर काढलेल्या आतड्यांनाही तोच शब्द. अन्ननलिका आधी मोकळी करून तिला गाठ मारतात, म्हणजे पोट ओढताना आंबलेला हिरवा चोथा मांसावर सांडत नाही. मग बेंबीच्या अंगाने कातडीला लहानशी चीर पाडून आत दोन बोटे घालतात. बोटे कातडी वर उचलून धरतात आणि त्यांच्या बेचक्यातून सुऱ्याचे पाते धार वर करून पुढे सरकते. धार खाली वळली आणि पोटाची पिशवी फाटली, की आतला वास मांसात बसतो. नंतर कितीही धुतले तरी तो पुरता जात नाही. बाहेर आलेले पोट एखाद्या भरल्या पोत्याएवढे असते, आणि थंडीच्या दिवसांत त्याच्यातून वाफ निघत असते. जिवंत हरणाच्या अंगात साधारण ३९ अंशांची ऊब असते. पोट आत राहू दिले तर ती ऊब लवकर उतरत नाही, वायू साठत जातो आणि आतल्या बाजूने मांस हिरवट पडू लागते.

पोट आणि आतडी डोंगरावरच राहतात. हृदय, फुप्फुसे, काळीज आणि पडदा यांचा जुडगा बहुतेक वेळा आतच ठेवून हरीण खाली आणतात. या जुडग्याला इंग्रजीत 'प्लक' म्हणतात. उतारावरून हरीण ओढत आणणे, किंवा गॅरन नावाच्या दणकट डोंगरी तट्टूच्या पाठीवर बांधून आणणे, या दोन्ही रीती जुन्या आहेत. आता बहुधा चिखलात चालणारी लहान गाडी वापरतात. खाली थंड खोली असते. युरोपीय नियमांनुसार मोठ्या शिकारीचे धड ७ अंशांपर्यंत थंड करावे लागते, तर काळीज-हृदय ३ अंशांपर्यंत. फरक उगाच नाही. काळजात रक्त आणि साखर दोन्ही भरपूर असतात, ते मांसाच्या कितीतरी आधी बिघडते. मांस आठवडाभर टांगून मुरवता येते; काळीज त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तव्यावर यावे.

त्याआधी तपासणी होते. प्रशिक्षण घेतलेला शिकारी घशाजवळच्या, फुप्फुसांजवळच्या, काळजाजवळच्या आणि आतड्यांच्या पडद्यातल्या गाठी चिरून पाहतो. गाठीत पू किंवा चुनखडीसारखा कडकपणा दिसला तर क्षयाची शंका येते आणि अख्खे जनावर अडवले जाते. काळजात पानासारखे चपटे कृमी सापडतात, विशेषतः ओलसर रानातल्या हरणांत. पित्तनलिका जाड व पांढरट झालेल्या दिसल्या की ते काळीज टाकून देतात.

निरोगी हरणाचे काळीज गुळगुळीत, गडद तांबडे, कडांना धारदार असते. मादीचे काळीज किलो-दीड किलो भरते. मराठी खाटकाला त्यात एक गोष्ट चटकन खटकेल: पित्ताची पिशवी नसते. बकऱ्याचे काळीज सोडवताना सगळी काळजी त्या हिरव्या पिशवीची घ्यावी लागते, ती फुटली तर कलेजी कडू होते. हरणांच्या कुळात ही पिशवीच नाही. अ‍ॅरिस्टॉटलनेही हे नोंदवून ठेवले आहे. तेवीसशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजही सुरा हातात घेतलेल्या माणसाच्या उपयोगी पडते, याचे अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही.

काळजावरची पातळ चामडी आधी सोलून काढतात. ती राहिली तर तव्यावर आक्रसते आणि तुकडा वाकडा होतो. जाड नळ्या कापून टाकतात. बोटाएवढ्या जाडीचे काप तासभर दुधात किंवा मिठाच्या पाण्यात ठेवले की रक्ताचा वास कमी होतो. मग पीठ लावून, गरम लोण्यात, दोन्ही बाजूंनी थोडा वेळ. सोबत सावकाश परतलेला कांदा. इथे चूक होते ती एकाच बाजूने. काळीज जास्त शिजले की खडूसारखे कोरडे आणि भुसभुशीत होते, आणि मग लोक म्हणतात, हरणाचे काळीज चांगले नसते. मध्यभागी किंचित गुलाबी ठेवण्याची पद्धत तिथे रूढ आहे. मात्र कच्चेपणाचा धोका खरा आहे. जपानमध्ये सिका हरणाचे कच्चे मांस खाल्ल्याने हिपॅटायटिस-ई झाल्याचे २००३ मध्ये सिद्ध झाले. काळीज तर त्या विषाणूचे घरच. म्हणून आतपर्यंत शिजवून, पण त्यापुढे क्षणभरही न ठेवता उतरवणे, हेच योग्य.

हृदय हा सगळा कसलेला स्नायू. चवीला ते मांसाच्याच जवळचे. वरच्या अंगाची कडक चरबी, झडपा आणि नळ्या काढल्या की दोन रीती उरतात. पातळ काप करून जळजळीत तव्यावर झटपट भाजणे, किंवा आत पावाचा चुरा, कांदा आणि सुगंधी पाला भरून दोन-तीन तास मंद शिजवणे. मधले काहीही केले तर ते चिवट होते. गोळी छातीतून गेलेली असेल तर हृदय बहुधा हाती लागतच नाही, कारण शिकाऱ्याचा नेम नेमका तिथेच असतो. जीभ उकळून, गरम असतानाच सोलायची. थंड झाली की साल सुटत नाही. गुर्दा मोहरी-मिरपुडीच्या तिखट रश्श्यात चांगला लागतो. फुप्फुसे एकटी कोणी फारशी खात नाही. वजडी खायची तर ती वाहत्या पाण्यात धुवून, उकळत्या पाण्यात बुडवून, खरवडून पांढरी करावी लागते. बकऱ्याची वजडी साफ केलेल्या कुणालाही ते काम समजावून सांगायला नको. डोंगरावर, काळोख पडायच्या वेळेला ते करत बसणारे फार थोडे, म्हणून हरणाची वजडी आता क्वचितच शिजते.

या अवयवांना जुन्या इंग्रजीत 'नम्बल्स' म्हणत. शब्द फ्रेंचमधून आला, त्याच्या मुळाशी कमरेसाठीचा लॅटिन शब्द आहे. पुढे सुरुवातीचा 'न' गळून 'अम्बल्स' झाले, आणि हरणाचे काळीज-हृदय घालून केलेल्या पायला 'अम्बल पाय' म्हणू लागले. नमते घेणे या अर्थाचा 'हम्बल पाय खाणे' हा इंग्रजी वाक्प्रचार या नावावरच्या कोटीतून निघाला. त्यावरून हे नोकराचाकरांचे खाणे होते असे सरसकट सांगितले जाते. पुरावा तितका सरळ नाही. राजा दुसरा रिचर्ड याच्या खानसाम्यांनी १३९० च्या सुमारास जमवलेल्या पाककृतींच्या 'फोर्म ऑफ क्युरी' या संग्रहात नम्बल्सची कृती आहे. नौदलाच्या कचेरीतला बडा अधिकारी सॅम्युएल पेप्स याने १६६३ च्या जुलैत शेजारणीने आणलेला गरम अम्बल पाय खाल्ला आणि तो फार आवडल्याचे रोजनिशीत लिहून ठेवले. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हरीण फाडण्याचा एक विधीच असे. कोणता भाग कोणाचा हे ठरलेले. कुत्र्यांचा वाटा, म्हणजे आतडी आणि रक्तात भिजवलेला पाव, हरणाच्याच कातड्यावर मांडून दिला जाई. शिकार या अर्थाचा इंग्रजी 'क्वॉरी' हा शब्द याच वाट्यापासून आला. छातीच्या हाडाचा एक कूर्चेचा तुकडा डोमकावळ्यासाठी झाडावर टाकत. डोमकावळ्याचासुद्धा हक्क मानणाऱ्या या वाटणीत काहीच फुकट नव्हते.

आपल्याकडेही या खाण्याचा मान काळाप्रमाणे आणि जातीप्रमाणे बदलला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मृगयेचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि राजाच्या भोजनात मांसाचे अनेक प्रकार आहेत. आतडी भरून निखाऱ्यावर भाजण्याची कृतीही त्यांत येते. त्याच मुलखात, मराठवाड्यात, दलित घरांनी रक्ती (शिजवलेले रक्त), वजडी, चान्या (वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या) हे पदार्थ पिढ्यान्पिढ्या जपले आणि त्यांच्यासाठी हिणवून घेतले. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाने ते खाणे मराठीत नावानिशी नोंदवले. राजाच्या ताटात पाककला आणि वस्तीत हीनता, हा भेद अवयवांत नव्हता, ताटाच्या मालकात होता.

स्कॉटलंडमध्ये या अवयवांचा मान टिकून राहिला तो हॅगिसमुळे. मूळ हॅगिस मेंढीचे: हृदय, काळीज, फुप्फुसे शिजवून बारीक करायची, त्यात भाजलेले ओटचे भरड पीठ, गुर्द्याभोवतीची कच्ची चरबी, कांदा, मीठ आणि भरपूर मिरी मिसळायची, आणि हे सारे मेंढीच्या पोटाच्या पिशवीत भरून उकळायचे. रॉबर्ट बर्न्सने १७८६ मध्ये त्यावर कविता लिहिली. त्याच्या जन्मदिवशी, २५ जानेवारीला, आजही देशभर हॅगिसचे जेवण होते. तो दिवस हरणीच्या हंगामातच येतो. अमेरिकेत १९७१ पासून जनावरांची फुप्फुसे अन्न म्हणून विकायला बंदी आहे, त्यामुळे अस्सल हॅगिस तिथे पोचत नाही.

हरणाच्या हॅगिसची एक कृती एफ. मॅरियन मॅकनील यांच्या १९२९ च्या 'द स्कॉट्स किचन' या पुस्तकात आहे, आणि ती फार शहाणी कृती आहे. तीत फुप्फुसेही नाहीत आणि पोटाची पिशवीही नाही. हृदय आणि काळजाचा तुकडा उकळून गार करायचा. हृदय अगदी बारीक चिरायचे, काळीज मात्र खिसणीवर खिसायचे. उकडलेले काळीज खिसले की ते पिठासारखे मोकळे पडते आणि ओटच्या कणांना चिकटून बसते. चिरले तर त्याचे खडे होतात. भाजलेले ओट, कांदे, चरबी, मीठ, मिरी घालून हे मिश्रण वाडग्यात भरायचे, वर पिठाची पारी लावायची आणि चार तास उकडायचे. वाडग्यातच, कढत-कढत वाढायचे.

ओट इथे फक्त भर घालण्यासाठी नाही. वितळलेली चरबी ते शोषून घेते आणि तोंडाला मेणचटपणा जाणवू देत नाही. हरणाच्या चरबीची खरी अडचण तीच आहे. तिच्यात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण मोठे असते आणि ती साधारण ५० अंशांच्या आसपास वितळते. साजूक तूप तोंडात ठेवले की पाणी होते, कारण तोंडाची ऊब त्याला पुरते. हरणाच्या चरबीला ती पुरत नाही. घास गिळून झाला तरी टाळूला आणि दातांना थर बसून राहतो. जुन्या इंग्रजी घरांत हरणाचे मांस वाढण्याआधी ताटल्या चांगल्या तापवत. खाली गरम पाणी भरता येईल अशा खास ताटल्याही असत. आज बहुतेक स्वयंपाकी ही चरबी कापून टाकतात आणि सॉसेजमध्ये तिच्या जागी डुकराची घालतात. माजावरच्या नराच्या चरबीबाबत ते बरोबर आहे. नोव्हेंबरातल्या येल्ड मादीच्या गुर्द्याभोवतीची पांढरी, कोरडी, हाताने चुरली जाणारी चरबी टाकणे मात्र उधळपट्टी आहे.

ती कढवण्याची रीत लोणी कढवण्यासारखीच. चरबीतला मांसाचा आणि रक्ताचा अंश काढून टाकायचा, कारण वास तिथूनच येतो. बारीक तुकडे करून जाड बुडाच्या पातेल्यात वाटीभर पाण्याबरोबर अगदी मंद आचेवर ठेवायचे. आधी पाणी गढूळ दिसते, मग बुडबुडे मोठ्याने फुटू लागतात. पाणी आटत आले की तो आवाज बसतो आणि तुकडे तपकिरी होऊन तळाशी जातात. त्याच क्षणी फडक्यातून गाळायचे. गार झाल्यावर भांड्यात पांढरीशुभ्र, कडक वडी तयार होते. ती कापली जात नाही, काडकन मोडते. तिच्यात बटाटे तळले तर बाहेरून फार कुरकुरीत होतात, फक्त ते कढईतून थेट ताटात यायला हवेत. पोटावर असणारी चरबीची नाजूक जाळी आणखी वेगळी. कांदा घालून केलेल्या काळजाच्या खिम्याचे गोळे तिच्यात गुंडाळून भाजले की जाळी वितळत जाते आणि आतला कोरडा खिमा ओलसर राहतो. उरलेल्या कडक चरबीच्या मेणबत्त्या होत, बुटांच्या चामड्याला ती चोळत. जर्मनी आणि ऑस्ट्रियात पायांना फोड येऊ नयेत म्हणून लावायचे 'हिर्शटाल्ग', म्हणजे हरणाच्या चरबीचे मलम, अजून विकले जाते.

हाडांतली चरबी मात्र निराळी. खुरांकडे जावे तसतशी ती मऊ होत जाते, कारण थंडीत पाय गारठले तरी तिथली चरबी गोठून चालत नाही. अलास्कातल्या नुनामिउत लोकांत राहून मानवशास्त्रज्ञ लुईस बिनफर्ड यांनी १९७८ मध्ये जे लिहिले, त्यात पायाच्या खालच्या नळ्यांतली मज्जा कॅरिबू खाणारे लोक आवडीने निवडतात, अशी नोंद आहे. कॅरिबूही हरणाच्याच कुळातला. ही मज्जा तोंडात लोण्यासारखी विरघळते. या आवडीमागे चवीइतकीच गरज आहे. रानातल्या जनावराचे मांस इतके बिनचरबीचे असते की नुसत्या त्याच्यावर राहिलेला माणूस पोटभर खाऊनही काही आठवड्यांत खंगतो. उत्तरेकडच्या शिकारी लोकांना म्हणून मांसाहून चरबी प्यारी होती.

काही भाग खाऊ नयेत असेही आहेत. म्हाताऱ्या हरणांच्या गुर्द्यांत आणि काळजात कॅडमियम साठत जाते. काळजात अ जीवनसत्त्व इतके असते की गरोदर स्त्रियांना ते टाळायला सांगतात. शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच दूर पसरतात. जखमेभोवतीचे मांस आणि तिथले अवयव सढळ हाताने कापून टाकावे लागतात. सर्वांत मोठी धास्ती हरणांना खंगवून मारणाऱ्या मेंदूच्या रोगाची. तो अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये १९६७ मध्ये प्रथम दिसला, आणि २०१६ मध्ये नॉर्वेतल्या रानटी रेनडिअरमध्ये सापडला. तिथला बाधित कळप, सुमारे दोन हजार जनावरे, सरकारने मारून टाकला. हा रोग घडवणारे विकृत प्रथिन शिजवल्याने नष्ट होत नाही. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, पण रोग असलेल्या भागांत भेजा, मज्जारज्जू, डोळे, प्लीहा आणि गाठी खाऊ नयेत असा सल्ला दिला जातो. ब्रिटनमध्ये हा रोग अद्याप सापडलेला नाही.

व्यापारात धड विकले जाते, काळीज-हृदय फारसे नाही. ते शिकाऱ्याच्या घरी जाते, कुत्र्यांना मिळते किंवा थंड खोलीतूनच कचऱ्यात पडते. इतके ताजे, इतके पोषक अन्न असे जावे ही हळहळण्यासारखी गोष्ट आहे. डोंगरावर राहिलेल्या ग्रॅलॉखचे तसे नाही. ओढ्यापासून दूर ठेवलेल्या त्या ढिगावर आधी डोमकावळे उतरतात, मग सोनेरी गरुड, रात्री कोल्हे. शिशाचे कण त्यांच्याही पोटात जातात, म्हणून स्कॉटलंडच्या सरकारी वनखात्याने हरणांसाठी बिनशिशाच्या गोळ्या वापरायला सुरुवात केली आहे. काही दिवसांनी त्या जागी आंबलेल्या गवताचा हिरवा चोथा तेवढा उरतो, आणि पुढच्या पावसात तोही वाहून जातो.